टोमॅटोची रोपं दोऱ्यासारखी लांबतात, खत कमी पडतंय का?

खिडकीवाली_गिरगाव:
चाळीत दुसरा मजला, एकच खिडकी, तीही उत्तरेला, आणि समोर हात लांबवला तर लागेल अशी नवी इमारत. ऊन येतच नाही. अनंत चतुर्दशी झाल्यावर दह्याच्या डब्यांना भोकं पाडून कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) टोमॅटो, वांगी, मिरची पेरली. टोमॅटो पाचव्या दिवशी वर आला. सासूबाईंनी दृष्टसुद्धा काढली! आता बारावा दिवस. रोपं चार इंच, पांढुरकी, सगळी खिडकीकडे वाकलेली. दोन डब्यांतली तर बुडाशी पिचून आडवीच झाली. सासूबाई म्हणतात खत घाल. ग्रिलबाहेर ठेवायची सोय नाही, गेल्या वर्षी कबुतरांनी एका दुपारत मिरचीचा फडशा पाडला.

मुलुंडकर:
खत अजिबात नको, आणखी लांबतील. भूक उजेडाची आहे. मी मांडणीच्या फळीखाली 20 वॉटची साधी पांढरी एलईडी ट्यूब बांधली आहे, खोक्यावर 6500के (म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड) लिहिलेली. शेंड्यापासून चार-पाच इंचांवर. रोप वाढलं की डब्याखालचं पुस्तक काढायचं. भिंतीवरची ट्यूब कामाची नाही, लांबून उजेड पोचत नाही. 15 तास चालू, रात्री बंद. टोमॅटोला अंधारही लागतो. महिन्याला विजेची 9 युनिटं जातात, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आजीची_कुंडी:
आडवी झालेली वाचणार नाहीत, तो 'मर' रोग, बुरशीने खोड बुडाशी कुजतं. ते कोकोपीट परत वापरू नका, डबेही धुऊन घ्या. वरून पाणी घालता का? थाळीत पाणी ओतून डबे त्यात ठेवा, अर्ध्या तासाने उरलेलं टाकून द्या. मुंबईच्या दमट हवेत वरचा थर सुकायला हवाच. पंखा एकवर ठेवा, रोपं हलकी डुलतील इतकाच वारा. तो नसेल तर दिवसातून दोनदा शेंड्यांवरून तळहात फिरवा. हलवलेलं रोप बुटकं राहतं, खोड जाड होतं. मला खोटं वाटलं होतं, मग अर्धीच रोपं हलवून बघितली.

खिडकीवाली_गिरगाव:
आणि जी लांबली पण उभी आहेत, ती फेकू?

आजीची_कुंडी:
टोमॅटो नका फेकू. बीजपानांनंतरची (बी उगवताना येणारी पहिली दोन ती बीजपानं) खरी पानं आली की मोठ्या डब्यात बीजपानांपर्यंत मातीत गाडा, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. वांगी-मिरची इतकी खोल नको, ती पुन्हाच पेरा.

मुलुंडकर:
बाहेर नेताना पहिल्या दिवशी सकाळचं ऊन तासभरच, मग आठवडाभर वाढवत न्या. ऑक्टोबर हीटमध्ये ट्यूबखाली वाढलेली रोपं उन्हात एका दुपारत करपतात, माझी करपली आहेत. कबुतरांसाठी ग्रिलला आतून जाळी.

खिडकीवाली_गिरगाव:
ट्यूब आणली. तळहात फिरवायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. नऊ युनिटांचं अजून सांगितलेलं नाही.