युरोपातले चार शहरं, बजेट मोजकं. गाईडबुक कोणतं घेऊ?

दारव्ह्याचा मास्तर
नमस्कार, मी अन बायको येत्या मे महिन्यात पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग अन व्हिएन्ना असं फिरतो म्हणतो. आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून वेळ भरपूर आहे, पैसा मात्र मोजूनमापून. टूरवाल्यासोबत जायचं नाई, स्वतःच्या पायानं पाहायचं आहे. लोनली प्लॅनेट प्रकाशनाचं पूर्ण युरोपचं एकच जाड पुस्तक घेऊ का रिक स्टीव्हज ह्या अमेरिकन लेखकाचे शहरवार घेऊ? इंग्रजी पुस्तकं लय महाग पडतात, चुकीचं घेतलं तं जिवाले लागते.

वर्धेवाली ताई
सर, तुमचे शहरं ठरले आहेत ना, मंग जाड पुस्तक कायले? त्यात चाळीसेक देश कोंबलेले रायतात, एका शहराले मोजके पानं. कुठं जावं हेच ठरलं नसन तेव्हा ते कामाचं. मी मागच्या वर्षी रिक स्टीव्हजचं व्हिएन्ना नेलं होतं, त्यात कोणत्या गल्लीतून निघायचं, वळल्यावर काय दिसन, रांग कधी कमी रायते, सगळं पायी चालणाऱ्याच्या हिशोबानं लिहिलं आहे. ऑपेरा हाऊसमधी उभं राहून पाहायचं स्वस्त तिकीट भेटते हे मले त्यातूनच समजलं, आम्ही दोघी मायलेकी दोन संध्याकाळी जाऊन आलो. पण एक सांगतो, त्यायचे हॉटेलं अमेरिकन माणसाच्या खिशाचे आहेत, हॉस्टेल अन शाकाहारी जेवण तुम्ही वेगळं शोधा. त्यायच्या ॲपमधी ऑडिओ टूर फुकट आहेत, घरूनच डाउनलोड करून घ्या.

हिंगणघाट
कोणतंही घ्या, पण पहिले छपाईचं वर्ष पाहा भाऊ. मी नागपुरातून जुनं पुस्तक स्वस्तात आणलं अन क्रोएशियात गेलो, पुस्तकात सगळे भाव तिथल्या जुन्या चलनात, कुनामधी अन तिथं 1 जानेवारी 2023 पासून युरो चालू, सगळा हिशोब बसल्या जागी नवा मांडा लागला. पॅरिसचंही तसंच, नोत्र दाम चर्च 2019 ले जळलं अन डिसेंबर 2024 ले उघडलं, मधल्या काळातल्या पुस्तकात ते बंदच आहे. तुमच्या चारमधी प्रागले युरो नाई, कोरुना आहे, तेही ध्यानात ठेवा.

आर्वीकर
व्हिसाचं पुस्तकात पाहूच नका, वकिलातीच्या साईटवर पाहा. जिथं जास्त रात्री मुक्काम त्या देशाकडं अर्ज, प्रवासाच्या सहा महिन्याआधी घेत नाईत, अन विमा कमीत कमी 30,000 युरोचा. पुस्तक जड वाटलं तं बाइंडिंगवाल्याकडून शहरवार कापून घ्या, रोज तेवढेच पानं खिशात.

दारव्ह्याचा मास्तर
मंग पॅरिस अन प्रागचं नवीन घेतो. ताई, व्हिएन्नाचं तुमचं वाचायले भेटन का?

वर्धेवाली ताई
हाव, भेटन ना. एसटीनं यवतमाळले पाठवतो, डेपोतून घेऊन जा. पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत, त्या मिटवू नका.