अनुभव धागा : परीकथा आता वाचल्या तर?

आखाजीला माहेरी आलेल्या आम्ही बहिणी भाचीला सिंड्रेला वाचून दाखवत होतो. विषय असा पेटला की आमरस-पुरणपोळीची सुस्ती उडाली. म्हणून इथेही विचारते: त्या गोष्टी आज, संसार-नोकरी-ईएमआयच्या वयात कशा वाटतात? नुसती मतं नकोत, अनुभव लिहा.

सुरुवात मीच करते. ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलात बूट काचेचा नाही, सोन्याचा. तो पायात जाईना तेव्हा आईच थोरल्या मुलीच्या हातात सुरी देते: अंगठा काप, राणी झाल्यावर चालायचंय कशाला! मला जळगावातला माझा बघण्याचा कार्यक्रम आठवला. मुलाच्या मावशीने सँडल काढायला लावून भिंतीशी उभं केलं होतं, उंची बघायला. पुढे नोकरीचा विषय निघाला तर माझीच आई पटकन म्हणाली, "सोडेल ना ती, त्यात काय." तिचा राग नाही येत. तिला बूट बसवायचा होता.

तापीकाठची
माझी गोष्ट जलपरीची, अँडरसनची, १८३७ ची. पाय मिळावेत म्हणून ती जीभ कापून देते, आणि मिळालेल्या पायांनी टाकलेलं प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखं दुखतं. राजपुत्र लग्न करतो दुसरीशीच. मी धुळ्याची, सासर पुण्यात. अहिराणी बोलू नको असं मला कुणीही म्हटलं नाही. एकदा फोनवर मायशी बोलत होते, तर हॉलमधून हसू ऐकू आलं. तेव्हापासून तिचा फोन आला की मी बाल्कनीत जाते आणि काचेचं दार लावून घेते. एवढंच.

केळीबाग
मी सावत्र आई आहे. लेकीला हिमगौरी वाचून दाखवताना दरदरून घाम फुटायचा. मग कळलं की १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ती दुष्ट राणी सख्खीच आई होती, १८१९ मध्ये तिची सावत्र केली. वा! सख्ख्या आईची अब्रू वाचली, आमची गेली. लेक मात्र व्यवहारी. म्हणाली, "आपल्याकडे केळीच केळी. सोललेल्या केळ्यात विष घातलं तर डाग दिसेल ना?"

नाव नको
बेडकाला राजकन्या मुका देते असं मला वाटायचं. ग्रिमांकडे ती त्याला भिंतीवर आपटते, आणि तेव्हा कुठे तो माणसात येतो. अनुभव आहे, पण इथे लिहिणार नाही.

अमळनेरकर
मला राजपुत्र हवा होता आणि आजही गोष्टीत तो आलेला आवडतो. दिवसभर बँकेत माणसांशी डोकेफोड केल्यावर रात्री मला सुरी-रक्त नको.

शेवभाजी
निद्रिस्त राजकन्येचं लग्नानंतर काय झालं ते वाचलंय का कुणी? शार्ल पेरोच्या १६९७ च्या गोष्टीत सासू राक्षसीण निघते. नात खायला मागते, तीही कांदा-मोहरीच्या सॉसमध्ये! मग नातू, मग सून. आचारी बिचारा कोकरू, करडू, हरिणी शिजवून वेळ मारून नेतो.

भाकरी थापता थापता हे मी सासूबाईंना सांगितलं. जरा धास्ती होतीच. त्या मनापासून हसल्या. मग विचारलं, "आनि तिना पोऱ्या कोठे व्हता?"

"लढाईवर."

"हां. घरमा काही व्हयनं का पोऱ्या लढाईवरच ऱ्हास."