मदत हवी आहे: आमच्या जिउ-जित्सू गटाला वस्ताद नाही, मग ‘थांब’ कोणी म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही सात जण ब्राझिलियन जिउ-जित्सू करतो, म्हणजे जमिनीवरच्या पकडींची कुस्ती. एक पर्पल बेल्ट ताई, माझ्यासकट तीन ब्लू आणि तीन व्हाइट (बेल्टचा चढता क्रम: व्हाइट, ब्लू, पर्पल, ब्राउन, ब्लॅक). दहा महिन्यांपूर्वी एकाच्या ओळखीने रिकामं गोदाम मिळालं. तिथे ४० मिमी जाडीचे, एकमेकांत अडकणारे, मीटरभर लांबीरुंदीचे मॅटचे ३६ तुकडे टाकले आणि आठवड्यातून तीनदा जमू लागलो. फी नाही, पाटी नाही, जाहिरात नाही. मॅटचा आणि विजेचा खर्च सातांत वाटून घेतो. सहा बाय सहा मीटरमध्ये तीन जोड्या कशाबशा मावतात, सातवा माणूस घड्याळ धरतो. राउंड पाच मिनिटांचा. कसं छान जमलंय, हे मी भेटेल त्याला सांगत सुटायचो.

तीन आठवड्यांपूर्वी जागेवाल्या मित्राने ओळखीचा एक गडी आणला. अंगाने दणकट, दोन वर्षं नो-गी (जाड डगला न घालता) केलेला, बोलायला गोड. तिसऱ्या राउंडला त्याच्या वाट्याला आमच्यातला सगळ्यात हलका व्हाइट बेल्ट आला. गड्याने पाय अडकवला, पाऊल काखेत दाबलं, टाच कोपराच्या घडीत घेतली आणि हील हूक (टाच पिळण्याची पकड) फिरवला. आमच्या पोराला हील हूक कशाशी खातात हेच माहीत नव्हतं. सुटायला म्हणून तो नेमका उलट्या बाजूला लोळला. वेताची काडी मोडावी तसा आवाज आला.

घड्याळ माझ्या हातात होतं. १ मिनिट ४० सेकंद उरले होते. सांगायला लाज वाटते, पण मी ते थांबवलंही नाही. भोंगा वाजला तेव्हा तो गुडघा धरून बसला होता आणि शेजारच्या जोड्या अजून झटत होत्या.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलंय. चॅटवर सगळ्यांनी ‘लवकर बरा हो’ टाकलं आणि विषय संपला. त्या गड्याला कोणी चकार शब्द बोललं नाही. परवा त्याचाच मेसेज आला, ‘उद्या आहे ना?’ सगळ्यांनी वाचला, उत्तर कोणाचंच नाही. मग त्या दिवशी कोणी गेलंच नाही.

आम्ही क्लास नाही, याची आम्हाला मोठी ऐट होती. पण क्लासमध्ये सर एका शब्दात माणसाला बाहेर बसवतात. इथे कोणी बसवायचं? ताई बेल्टने मोठ्या, पण त्या म्हणतात, “मी इथे शिकवायला येत नाही, घाम गाळायला येते.” जागा ज्याच्या ओळखीची, त्यानेच हा पाहुणा आणलेला. किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मी बोलायचं का?

याच्याच पोटात बाकीचे प्रश्न. नियम लिहून काढावेत का? नवा माणूस घ्यायचा कसा? एका व्हाइट बेल्टला स्ट्राइप (बेल्टवरची प्रगतीची पट्टी) हवी आहे, ती देणार कोण? मध्यंतरी दोघांना गजकर्ण झालं, तेव्हाही ‘बरा होईपर्यंत येऊ नकोस’ असं कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

जाणकारांनी सांगावं. ‘क्लास लावा’ सोडून कोणताही सल्ला चालेल.

प्रतिसाद १

बाकीचं नंतर. त्या पोराला फोन केलात का? चॅटवरचा मेसेज नव्हे, फोन.

धागाकर्ता

दुसऱ्या दिवशी केला होता, उचलला नाही. नंतर राहूनच गेला.

प्रतिसाद १

राहून गेला नाही, टाळलात. आधी तो करा.

प्रतिसाद २

सहा वर्षं असाच गट चालवतोय, पाचाचे चौदा झालो, त्यामुळे थोडं अधिकाराने बोलतो.

वस्ताद नको असेल तर नका नेमू, पण रोजचा मुकादम हवा. आमच्याकडे आळीपाळीने एक जण असतो. काम दोनच: आल्या आल्या सगळ्यांना त्या दिवसाचे नियम ऐकवायचे आणि घड्याळ धरायचं. ज्याच्या हातात घड्याळ तो पंच. तो ‘थांब’ म्हणाला की सगळ्या जोड्या जागच्या जागी थांबतात, का ते नंतर विचारायचं. ‘थांब’ कोणीही ओरडू शकतो, पण ओरडणं हे घड्याळवाल्याचं कामच आहे. नुसतं कोणीही ओरडू शकतं म्हटलं की तुमच्यासारखं होतं, प्रत्येकाला वाटतं दुसरा ओरडेल. व्हाइट बेल्टलाही मुकादम करा. स्वतःहून मोठ्या बेल्टला एकदा थांबवलं की पोरांची भीड चेपते.

पायाच्या पकडींचे नियम बनवत बसू नका, आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे तयार आहेत. व्हाइट बेल्टला सरळ अँकल लॉक (घोट्याची पकड) तेवढा चालतो. नीबार (गुडघा उलटा ताणणं) आणि टो होल्ड (पाऊल पिळणं) ब्राउनपासून. हील हूक तर २०२१ पासून फक्त प्रौढ ब्राउन आणि ब्लॅकला, तोही नो-गीत. त्यामागे कारण आहे. आर्मबारमध्ये, म्हणजे हात ताणण्याच्या पकडीत, कोपर आधी दुखतं, मग जातं. मधल्या वेळात टॅप करता येतो, म्हणजे थोपटून हार मानता येते. हील हूकमध्ये टाच फिरते पण पीळ गुडघ्यात बसतो, आणि दुखलं म्हणून टॅप करेपर्यंत बऱ्याचदा काम झालेलं असतं. ‘मी हळूच लावला होता’ याला म्हणूनच अर्थ नाही. तुमचा गडी असंच म्हणाला असणार.

जोडीच्या दोघांपैकी ज्याचा बेल्ट लहान, त्याचा नियम दोघांना लागू. एवढ्या एका वाक्यावर आमचं भागतं.

नवा माणूस आला की पहिले तीन दिवस त्याला मोकळा राउंड द्यायचा नाही. ठरावीक स्थितीतून सुरुवात: एक जण खाली हाफ गार्डमध्ये (वरच्याचा एक पाय आपल्या पायांत अडकवून), वरच्याने पास करायचं (पाय ओलांडून जायचं), खालच्याने उलटवायचं किंवा पूर्ण गार्ड (दोन्ही पायांची अडवण) परत मिळवायचा, जमलं की पुन्हा तिथून. तीन मिनिटांनी अदलाबदल. यात सबमिशन, म्हणजे हार मानायला लावणारी पकड, नाहीच. माणूस तेवढ्यात कळतो. हरतोय असं वाटल्यावर जो ताकद वाढवतो, त्याला चौथ्या दिवशी बोलवत नाही. घ्यायचं तर सगळ्यांचा होकार हवा. एकाचाही नकार पुरे, आणि त्याला कारण विचारायचं नाही.

प्रतिसाद ३

वरच्या ‘कारण विचारायचं नाही’ला माझं दहादा अनुमोदन.

मी एका मिश्र गटात आहे, बायका तिघी. तुमच्या ताई शिकवायला येत नाहीत म्हणतात ते बरोबरच आहे. बेल्टने मोठी बाई दिसली की गटाचं आईपण तिच्या गळ्यात घालायची सवय असते, ते करू नका. उलट त्यांना एक विचारा: गोदामाचं दार बंद असतं, त्या एकट्याच बाई असतात, तर त्यांना काय हवंय? आमच्याकडे यातून दोन गोष्टी ठरल्या. बाई एकटी असेल त्या दिवशी दार उघडं. आणि राउंडला ‘नको’ म्हटलं की तो विषय तिथेच संपला. थट्टा नाही, ‘का गं, घाबरलीस?’ नाही. हे पुरुषांनाही लागू आहे. तुमच्या त्या हलक्या पोराला ‘याच्याबरोबर नको’ म्हणायची सोय होती का?

अठराच्या आतलं कोणी आणणार असाल तर पालक मॅटच्या कडेला बसलेले हवेत. नाहीतर आणूच नका.

प्रतिसाद ४

तुम्ही नको म्हणालात तरी म्हणतो: क्लास लावा. चांगला कोच फक्त डाव शिकवत नाही. कोणाची जोडी कोणाशी लावायची नाही हे त्याला कळतं, आणि तुमचा पोरगा नेमका त्यातच मोडला. शिवाय त्याच्याकडे विमा असतो. उद्या कोणाच्या मानेला काही झालं तर जागेचा मालक कोणाला धरणार? सगळ्यांची सही असलेला कागद तरी आहे का?

धागाकर्ता

कागद नाही. मालकाला आम्ही ‘व्यायाम करतो’ एवढंच सांगितलंय. आता लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय.

क्लास का सोडला तेही सांगतो. आमच्यापैकी चौघं एकाच ठिकाणी होतो. तिथे दुसरीकडे जाऊन रोलिंग (सरावाची झटापट) करायला बंदी होती. एकजण मित्रांच्या ओपन मॅटला (मोकळ्या सरावाला) गेला तर सगळ्यांसमोर त्याला ‘क्रेओन्ते’ म्हटलं गेलं. अवांतर: हा शब्द नामवंत ब्राझिलियन कोच कार्लसन ग्रेसी यांनी रूढ केला, ब्राझीलच्या एका टीव्ही मालिकेतल्या पात्रावरून; अर्थ घरभेदी. त्या दिवशी ठरवलं, आपल्याकडे कोणी मालक नसेल. मालक घालवण्याच्या नादात जबाबदारीही घालवली, हे गेल्या तीन आठवड्यांत कळतंय.

प्रतिसाद ५

बेल्टबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी लिहितो.

तुमच्या गटाने बेल्ट किंवा स्ट्राइप देऊच नये. बेल्ट ब्लॅक बेल्ट देतो, त्याला त्याच्या गुरूने दिलेला असतो, अशी ती साखळी आहे. आयबीजेजेएफच्या हिशेबाने ब्लूवर किमान २ वर्षं, पर्पलवर दीड वर्ष काढावं लागतं. सात मित्रांनी आपसात वाटलेली स्ट्राइप म्हणजे आपणच आपल्या पाठीवर मारलेली थाप. ज्याला हवी आहे त्याने गट न सोडता एखाद्या कोचकडे नाव घालावं. दोन्हीकडे जायला तुमची हरकत नसेल हे आज लिहून ठेवा, नाहीतर तुम्हीच उद्या कोणाला तरी क्रेओन्ते म्हणाल.

जागा लहान म्हणून मात्र खंतावू नका. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही तालीम सुरू केली ती टोकियोच्या एइशो-जी मंदिरात, १२ ताताम्यांवर (जपानी गवती चटयांवर). तुमच्या ३६ तुकड्यांपेक्षा ते बरंच कमी भरतं. तिथल्याच तालमीतला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला, त्याच्याकडे तिथल्या बेलें शहरात कार्लोस ग्रेसी शिकला, आणि पुढे भावाभावांनी घरातल्या घरात घासून घासून ही कला घडवली. फरक इतकाच की कानोंच्या १२ ताताम्यांवर कानो स्वतः उभे होते.

प्रतिसाद ६

फिजिओ आहे, दहा वर्षं कुस्तीगीर आणि ग्रॅपलर बघतोय. थोडक्यात.

गजकर्णाला भीड कसली? अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचा नियम उचला: अंगावरच्या गजकर्णाला किमान ७२ तास मलम लावून झाल्याशिवाय मॅटवर नाही. पाणी धरलेले फोडांचे झुपके दिसले तर तो हर्पिस असू शकतो, ते डॉक्टरांनी बघेपर्यंत कोणाला हात लावायचा नाही. मॅट प्रत्येक सत्रानंतर पुसा. जंतुनाशक फवारून लगेच कोरडं करू नका, बाटलीवर लिहिलेली मिनिटं ते ओलं राहू द्या. लोक इथेच चुकतात. नखं मुकादमाने बघावीत, शाळेत बघतात तशी. मॅटबाहेर जाताना चप्पल.

चोक (गळ्याची पकड) नीट बसला तर माणूस दहाएक सेकंदांत शुद्ध हरपतो, म्हणून घड्याळवाल्याने हातांकडे बघायचं. टॅप करणारा हात अचानक सैल पडला की ‘थांब’. डोक्याला मार लागला, गरगरलं, तर त्या दिवशी तो माणूस पुन्हा मॅटवर नाही, कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी.

आणि त्या पोराला सांगा, सूज उतरली म्हणजे लिगामेंट जुळलं असं नाही. परत यायची तारीख त्याच्या डॉक्टरांनी सांगायची, तुमच्या गटाने नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. चार दिवसांनी लिहितोय, मधे बरंच घडलं.

फोन केला. तिसऱ्यांदा उचलला. मला वाटलं होतं तो त्या गड्यावर चिडलेला असेल. तो म्हणाला, “त्याला माहीत नव्हतं. पण दादा, तू बघत होतास आणि घड्याळ चालूच होतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माफी मागितली. उपचाराचा खर्च सातांत वाटून घ्यायचं ठरलंय. तो नको म्हणत होता, ताईंनी त्याला गप्प केलं.

त्या गड्यालाही मीच फोन केला, जागेवाल्या मित्राला शेजारी बसवून. आधी चढला, मग म्हणाला, “हील हूक चालत नाही हे मला कोणी सांगितलं होतं का?” खरंच नव्हतं सांगितलं. तरी त्याला सध्या येऊ नकोस म्हणालो, कारण सहापैकी दोघांचा नकार आला आणि कारण विचारायचं नाही असं आम्ही आदल्याच दिवशी ठरवलं होतं. नियम लागू करायला एक दिवससुद्धा थांबावं लागलं नाही. तो चिडलाय. जागेवाला मित्रही थोडा घुश्श्यात आहे.

मालकाला खरं सांगितलं. त्यांनी सगळ्यांच्या सह्यांचा कागद मागितला, तो वकील मैत्रिणीकडून लिहून घेतोय. विम्याची चौकशी चालू आहे. काल पहिला मुकादम एक व्हाइट बेल्ट होता. त्याने पहिल्या दहा मिनिटांत चारदा ‘थांब’ म्हटलं, त्यातलं तीनदा उगाच, आणि चारही वेळा सगळे थांबले.

एक छोटी गोष्ट राहिली. टेकडाऊनचा (उभ्याने खाली पाडण्याचा) सराव केला की मॅटचे तुकडे सरकून सांध्यांत फटी पडतात, काल ताईंच्या पायाचं बोट त्यात अडकलं. टेप लावून बघितली, घामाने सुटते. यावर काही?

प्रतिसाद २

चारी बाजूंनी मॅटच्या उंचीएवढी लाकडी चौकट ठोका, कोपरे बाहेरून लोखंडी काटकोनाने आवळा. तुकडे घट्ट बसले पाहिजेत, शेवटची रांग पायाने दाबून बसवावी लागली तर माप बरोबर. चौकटीच्या वरच्या कडेवर फोमची पट्टी चिकटवा, नाहीतर पुढचा धागा घोट्याचा निघेल.