जुन्या वस्तूंनी सजलेलं घर, मनाजोगती भेट: तुमचे अनुभव लिहा

दिवाळी, बारसं, वास्तुशांत. आयती वस्तू रंगीत कागदात गुंडाळून देणं सोपं असतं, पण काही भेटी त्या घरच्याच होऊन जातात. जुनं कापड, भांडी, लाकूड वापरून घर सजवलं असेल किंवा असं काही दिलं-घेतलं असेल तर लिहा. कसं केलं तेही सांगा, म्हणजे इतरांना करता येईल. सुरुवात मी करते.

आजीची सुती नऊवारी लुगडी आईने जपली होती. धुऊन धुऊन कापड सायीसारखं मऊ झालंय. एका लुगड्यात आठ मीटर कापड, त्यात बैठकीच्या दोन खिडक्यांचे पडदे निघाले. काठ खाली घेतले. पदराला कात्री लावली नाही, तो दिवाणावर अंथरलाय. विटका गुलाबी खुलावा म्हणून भिंती मोतिया केल्या, पण खोली खरी जुळून आली ती ट्यूब काढून 2700 केल्विनचे पिवळसर दिवे लावल्यावर. विरत आलेल्या कापडाला मलमलीचं अस्तर मात्र लावाच, उन्हाने धागा लवकर जातो.

सांगलीहून
माझ्या मुलीच्या बारशाला सासूबाईंच्या धाकट्या बहिणीने गोधडी दिली. मावशींनी आधी महिनाभर दोन्ही घरांत निरोप धाडले होते: एकेक जुनं कापड द्या. आत आजेसासऱ्यांचं धोतर, वर माझ्या आईचं इरकली, जावेच्या ओढणीचा तुकडा, नणंदेचं परकर-पोलकं. कडेपासून आत आत धावदोरा घालत नेलाय, सगळा हाताने. मुलगी आता शाळेत जाते आणि गोधडीवर बोट ठेवून "हे कुणाचं?" विचारते. न पाहिलेल्या पणजोबांची ओळख तिला अशी झाली. मी तरी यापेक्षा मोठी भेट पाहिली नाही.

सावंतवाडीजवळून
भाच्याला पत्त्यांचं वेड, म्हणून त्याच्या नव्या घरासाठी हाताने रंगवलेला दशावतारी गंजिफांचा संच दिला. गोल पानं, दहा रंग, प्रत्येकी 12, एकूण 120. दहाही राजे त्याने एका चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलेत. वस्तू देताना माणूस डोळ्यांसमोर हवा, एवढंच मला कळतं.

लंडनहून
आईची पाककृतींची वही आम्हा तिघी बहिणींना हवी होती. धाकटीने ती स्कॅन करून तिच्या तीन प्रती बांधून घेतल्या, तेलाच्या डागांसकट! समासात "मीठ बेताने, बाबांना चालत नाही" असं आईच्या अक्षरात आहे. माझी प्रत ओट्याशेजारी, लोणच्याच्या दुरंगी चिनी मातीच्या बरणीला टेकून असते. बरणीत हल्ली फुलं ठेवते.

नाशिकहून
पितळेचं पातेलं भेट देणार असाल तर आतून कल्हई करूनच द्या, म्हणजे आमटीलाही वापरता येईल. शोभेसाठी असेल तर चिंच-मीठ लावून लख्ख करू नका. तो काळपट सोनेरी रंग यायला वर्षं लागतात.

पुण्याहून, एक प्रश्न
आजीचा शालू घडीवर चिरतोय. त्याच्या उशा शिवून बहिणीला द्याव्यात का?

इचलकरंजीहून, वरच्या ताईंना
उशा नकोत, ताण आला की रेशीम आणखी फाटेल. चांगला उरलेला जरीकाठ सुती कापडावर टाचून चौकटीत बसवा आणि ऊन लागणार नाही अशा भिंतीवर लावा. बाकीचा शालू मलमलीत गुंडाळा, दर काही महिन्यांनी घडी बदला.