५० वॅटच्या सीओबीला ३६ व्होल्टचा एसएमपीएस थेट जोडला तर?

फ्रेम_पंचवीस
व्हिडिओसाठी स्वतःच लाइट बनवतोय. ५० वॅटचे दोन सीओबी एलईडी (एकाच प्लेटवर अनेक चिप्स बसवलेले) आहेत, पाकिटावर फक्त '३०-३६ व्होल्ट, १५०० एमए' (मिलिअँपिअर) लिहिलंय. ३६ व्होल्ट, ५ अँपिअरचा एक एसएमपीएस (मेन्सवरून ठरावीक डीसी व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय) पडून आहे. व्होल्टेज जुळतंय, अँपिअर दोघांना पुरून उरतात. दोन्ही पॅरललमध्ये थेट जोडले तर चालतील ना? की मध्ये एखादा रेझिस्टर टाकू? हीटसिंक आणि पंखा लावलाय.

जुना_सोल्डर
थेट अजिबात नको.

एसएमपीएस ३६ व्होल्ट धरून बसतो, करंट किती जाऊ द्यायचा ते तो बघत नाही. आणि एलईडीला स्वतःला आवरता येत नाही. या चौकोनी सीओबीत सहसा दहा डाय (एलईडीच्या बारीक चिप्स) सिरीजमध्ये आणि अशा पाच ओळी पॅरललमध्ये असतात. १५०० एमएला एका डायवर साधारण ३.२ व्होल्ट धरा, म्हणजे एकूण ३२. तुम्ही देणार ३.६ प्रमाणे ३६. व्होल्टेज आठवा हिस्सा वाढलं म्हणून करंटही तेवढाच वाढेल असं नाही, तो दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकतो.

त्यात तापण्याची भर. डाय तापला की दर अंशाला दोन-तीन मिलिव्होल्ट कमी मागतो. दहा डाय, ६० अंशांची वाढ, म्हणजे दीड व्होल्टचा फरक. व्होल्टेज तेच राहिलं की करंट वाढतो, करंटने आणखी तापतो, पुन्हा करंट वाढतो. पंख्याने हे लांबतं, थांबत नाही.

रेझिस्टरचा हिशोबही करून बघा. उरलेले ४ व्होल्ट भागिले १.५ अँपिअर, म्हणजे २.७ ओहम, आणि त्याच्यावर ६ वॅटची शेगडी. गरम झाल्यावर तोच रेझिस्टर दोन अँपिअरच्या जवळपास सोडेल. एलईडी स्ट्रिपमध्ये रेझिस्टर खपतात कारण तिथला करंट मिलिअँपिअरमध्ये असतो.

कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर घ्या, म्हणजे करंट ठरलेला ठेवून व्होल्टेज स्वतः जुळवून घेणारा. लेबलवर आधी मिलिअँपिअर बघा, मग आउटपुट व्होल्टेजची रेंज, वॅट सगळ्यात शेवटी. २४-४२ व्होल्टची रेंज असेल तर तुमचा ३२ मधोमध बसतो. ३०-३६ वाला घेतलात तर गरम एलईडी खालच्या टोकाला टेकेल आणि लाइट मिचमिच करायला लागेल. मी तर १५०० ऐवजी १२०० एमएचा घेईन. उजेडातला फरक डोळ्याला जेमतेम कळतो, उष्णता मात्र चांगलीच कमी होते.

विद्युतवेडा
+१. दोन सीओबी एकाच ड्रायव्हरवर पॅरललमध्ये नकोत. दोन्ही तंतोतंत सारखे कधीच नसतात. ज्याचं व्होल्टेज कमी तो जास्त करंट खेचणार, तापणार आणि आणखी खेचणार. सिरीजमध्ये जोडले तर करंट सारखा राहतो, पण ६४ व्होल्ट डीसी होतात आणि मग उघडी टोकं ठेवून चालत नाही. प्रत्येकाला वेगळा ड्रायव्हर द्या, सुटलात.

फ्रेम_पंचवीस
मग हा एसएमपीएस भंगारात?

विद्युतवेडा
नाही हो. त्याच्यापुढे प्रत्येक सीओबीला एक करंट ठरवता येणारा बक मॉड्यूल (व्होल्टेज खाली आणणारं सर्किट) लावा. बकला इनपुट आउटपुटपेक्षा दोन-तीन व्होल्ट तरी जास्त लागतं, ३६ वरून ३२ म्हणजे काठावर पण जमतं. करंट सेट करताना मीटर १० अँपिअरच्या सॉकेटात सिरीजमध्ये लावा आणि पॉट (फिरवून करंट ठरवायचा स्क्रू) सगळ्यात खालून वर न्या.

जुना_सोल्डर
व्हिडिओ म्हणालात म्हणून सांगतो, ५० हर्ट्झच्या मेन्सवर स्वस्त ड्रायव्हरच्या आउटपुटला १०० हर्ट्झची लाट असते. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्यात पट्टे सरकतात. पीडब्ल्यूएम डिमिंगचंही (लाइट झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करणं) तेच. त्यासाठी तुमचा एसएमपीएस आणि बक ही जोडी उलट बरी, कारण एसएमपीएसमध्ये ती लाट बरीचशी मरते. फक्त उजेड कमी करायचा तर करंटच्या पॉटने करा.

झाळकाम
एक राहिलं. ड्रायव्हर चालू ठेवून एलईडीची वायर लावू नका. लोड नसताना आउटपुटचा कपॅसिटर वरच्या टोकाच्या व्होल्टेजला भरून बसतो आणि जोडल्याक्षणी ते सगळं एलईडीत ओततो. आधी एलईडी जोडा, मग मेन्स.

फ्रेम_पंचवीस
बक मागवतो. पण एका सीओबीसाठी तयार ड्रायव्हरही बघितला, १२०० एमए, २५-४२ व्होल्ट. खाली बारीक अक्षरात 'नॉन-आयसोलेटेड' आहे. चालेल?

जुना_सोल्डर
तो सोडा. नॉन-आयसोलेटेड म्हणजे आउटपुट मेन्सपासून वेगळं केलेलं नसतं. सीओबीची मागची पत्रा-प्लेट आणि मेन्स यांच्यात मग फक्त एक पातळ इन्सुलेशनचा थर उरतो. तुमच्या लाइटचा हीटसिंक उघडा आहे, आणि शूट चालू असताना लाइट फिरवायला हात त्यालाच लागणार. आयसोलेटेडच घ्या, आणि हीटसिंकला अर्थिंग करा.