सुट्टीनंतर लो-कार्बवर परत यायचं तर एका फटक्यात की हळूहळू?

उडता_गालिचा
अकरा दिवसांची सुट्टी संपवून काल परत आलो. गेले चौदा महिने मी दिवसाला ५० ग्रॅमच्या आत कार्ब (धान्य, साखर यांतलं कर्बोदक) ठेवून होतो, निघताना बायकोला सांगितलं होतं की दोनच दिवस सूट घेणार, त्या दोनाचे अकरा कधी झाले कळलंच नाही. हॉटेलचा नाश्ता भाड्यात धरलेला असला की माझ्यातला हिशोबी माणूस जागा होतो, मग ब्रेड, पॅनकेक, ज्यूस, दुपारी पास्ता, रात्री आइस्क्रीम आणि हो, बिअर. आज सकाळी काटा ३.४ किलो वर. पट्टा एक भोक मागे.

माझं मत सरळ आहे. उद्यापासून थेट २० ग्रॅम, घरातला ब्रेड, बिस्किटं सगळं बाहेर. हळूहळू कमी करतो म्हणणारे लोक नुसती सुट्टी लांबवत असतात. बायको म्हणते पंधरा दिवसांत पायरी पायरीने उतर, तुझी चिडचिड आम्ही का सोसायची. बोला.

गणितवाला
आधी त्या ३.४ चा हिशोब लावू. १ किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. म्हणजे ही सगळी चरबी असेल तर तुम्ही अकरा दिवस रोज गरजेपेक्षा जवळपास २४०० कॅलरी जास्त खाल्ल्या, म्हणजे स्वतःचं जेवून वर अजून एका अख्ख्या माणसाचं. खाल्लं असेल हो, पण रोज एवढं? लिव्हरमध्ये साधारण १०० आणि स्नायूंत ४०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) मावतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलं जातं. तुमची ती टाकी चौदा महिने बरीचशी रिकामी होती, ती भरली की दीड-दोन किलो तिथेच गेले. वर बाहेरच्या खाण्यातलं मीठ, आणि पोटात जे अजून आहे ते. चरबी धरायचीच तर किलोभर धरा.

उडता_गालिचा
मग तर उलट माझंच खरं की! पाणीच आहे तर २० ग्रॅमवर जातो, चार दिवसांत उतरतं.

तिरकी_रेघ
हे भारी आहे तुम्हा लोकांचं. वजन चढलं की "पाणी आहे हो ते" आणि उतरलं की "बघा डाएटची कमाल". एकच पाणी, जाताना त्याला हार आणि येताना त्याची ओळखही द्यायची नाही.

अर्धा_कप
मी एका फटक्यात गेले होते, म्हणून सांगते, वहिनींचं ऐका. दुसऱ्या दिवशी डोकं असं धरलं की बास, पायात गोळे, संध्याकाळी ऑफिसात एका साध्या प्रश्नावर मी समोरच्याला असं काही बोलले की नंतर माफी मागायला लागली. कार्ब एकदम तोडले की इन्शुलिन खाली येतं, मग किडन्या मीठ धरून ठेवत नाहीत, मिठाबरोबर पाणी जातं, चक्कर, थकवा त्याचाच. किटो फ्लू म्हणतात, ताप बीप काही नसतो पण माणूस आडवा होतो. त्यापेक्षा आठवडाभर १५०, मग १००, मग ५०. काय घाई आहे, बस सुटतीये का?

रात्रपाळी
सुटते ना ताई, माझी सुटली होती. मी तुमच्यासारखीच पायऱ्या करून उतरत होते, १०० च्या पायरीवर जी बसले ती दोन महिने तिथेच. रोज वाटायचं उद्या खाली उतरू. माझ्यासारख्याला एक स्लाइस कधीच एक नसतो, शून्य जमतं पण थोडं जमत नाही. आणि तुम्ही सांगितलेल्या त्रासाचं कारण तुम्हीच लिहिलंय की, मीठ! मग मीठ घ्या. मी दुसऱ्या वेळी दिवसातून दोनदा मीठ घातलेलं गरम सूप प्यायले, पाणी भरपूर, डोकं दुखलं नाही. (ब्लडप्रेशर किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी हे परस्पर करू नये.)

अजून एक. सुट्टीतलं वजन आपोआप जातं अशी समजूत आहे ना, २०१६ साली अमेरिकेत १२२ जणांवर अभ्यास आला होता, एक ते तीन आठवड्यांची सुट्टी, सरासरी वाढ फक्त ०.३२ किलो. ऐकायला काहीच नाही. पण सहा आठवड्यांनी मोजलं तरी ते गेलेलं नव्हतं. अशा सुट्ट्या साठत जातात.

अर्धा_कप
सरासरीत सगळे आले, जे काहीच बदलत नाहीत तेपण. हळूहळू उतरणाऱ्याचं वजन जात नाही असं कुठे म्हटलंय त्यात?

रात्रपाळी
नाही म्हटलेलं, मान्य. पण "उतरू सावकाश" म्हणणारे त्यातले किती असतील ते तुम्हीही ओळखा.

खडूस_काका
मूळ प्रश्नच चुकतोय. परत लो-कार्बच कशाला? २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या गार्डनर यांच्या टीमने ६०९ लोकांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, लो-फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, लो-कार्बवाल्यांचं ६.०. म्हणजे फरक नाहीच म्हणा. जे डाएट अकरा दिवसांत कोसळतं आणि परत चढायला सूप, मीठ, डोकेदुखी असला घाट घालावा लागतो ते सोडून चारी ठाव जेवा, थोडं कमी जेवा.

उडता_गालिचा
काका, "थोडं कमी जेवा" हे मी वीस वर्षं केलं, दरवर्षी दोन किलो वाढत. त्याच अभ्यासात दोन्ही गटांत काही जणांचं भरपूर उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं, ते पण लिहा की. मला हे चौदा महिने जमलं, दुसरं काही चौदा दिवस जमलं नाही, माझ्यापुरता विषय संपला.

तिरकी_रेघ
पण मग आत-बाहेर करू नका. २०१९ मध्ये कॅनडात बघितलं होतं, सात दिवस लो-कार्ब खाऊन मग ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला दिलं तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसल्या. तुमची सुट्टी म्हणजे हेच अकरा दिवस लागोपाठ.

गणितवाला
नऊ जण होते त्यात. नऊ! सगळे तरुण, तब्येतीने ठणठणीत पुरुष. त्यावरून गालिचाला घाबरवू नका, फार तर एवढंच म्हणा की शरीराला सवय नसताना एकदम साखर ओतू नये. लो-कार्बवर असताना ग्लुकोज पिऊन करायची शुगरची टेस्ट केली तर आकडा फसवा जास्त येतो, म्हणून त्याआधी तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कार्ब खायला सांगतात, हे जुनंच आहे.

शांतपणे_वाचणारी
एकदम की हळूहळू यात एक गोष्ट कुणीच विचारली नाही. गोळ्या कुठल्या चालू आहेत? इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी चालू असेल आणि डोस तोच ठेवून कार्ब तोडले तर शुगर धाडकन खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांचं अजून वेगळं, त्यांना कडक लो-कार्बवर किटोअॅसिडोसिस (रक्तात धोकादायक आम्ल साठणं) होऊ शकतो आणि शुगर तेव्हा फार वाढलेली दिसतही नाही, त्यामुळे वेळेवर कळत नाही. आमच्याकडे दवाखान्यात रात्र काढलीये यापायी. अशांनी पायऱ्यासुद्धा डॉक्टरांना विचारून.

उडता_गालिचा
कुठलीच गोळी नाही ताई. पण बरं झालं लिहिलंत, हे वाचून अजून कोणी उद्यापासून सुरू करत असेल तर.

जुना_खेळाडू
मला या "उद्यापासून"चीच गंमत वाटते. १९७५ चा एक प्रयोग आहे, मुलींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम चाखायला दिलं. ज्या डाएट न करणाऱ्या होत्या त्यांनी पोट भरलं म्हणून कमी खाल्लं, ज्या सांभाळून खाणाऱ्या होत्या त्यांनी उलट जास्त खाल्लं. मोडलंच आहे तर मोडूच दे. एकदम किंवा हळूहळू हा वाद नंतर घाला, सुरुवात पुढच्या जेवणापासून करा, मुहूर्त कसला बघताय. गालिचा, खरं सांगा, काल रात्री काय जेवलात?

उडता_गालिचा
पिझ्झा. शेवटचा म्हणून.

जुना_खेळाडू
बघा.

खडूस_काका
🙂

उडता_गालिचा
पाच दिवसांनी लिहितोय. बायकोशी तह झाला, २० नाही, ४० ग्रॅम, आणि रात्रपाळी यांचं सूप. दुसऱ्या दिवशी डोकं जड होतं पण ऑफिस केलं. आज काटा २.५ किलो खाली. उरलेलं ०.९ हलत नाहीये.

गणितवाला
ती चरबी. पाणी गेलं, आता कामाला लागा.

गालिचाची_बायको
खातं आजच उघडलं. डोकं "जड" होतं म्हणे, मंगळवारी हा माणूस फ्रिजचं दार मी जोरात लावलं म्हणून पाऊण तास बोलत होता, आणि फ्रिजमध्ये तेव्हा होता फक्त कोबी.