शब्दचर्चा : ‘माशियाख’ – तेल माखलेला माणूस की अवतरलेला देव?

प्रश्न

जुन्या करारातला (म्हणजे ज्यूंच्या हिब्रू शास्त्रातला) मशीहा देव आहे की माणूस? मराठी बायबलात यशयाच्या पुस्तकात 9:6 मध्ये (अध्याय 9, वचन 6) जन्मणाऱ्या मुलाला ‘समर्थ देव’ असं सरळ म्हटलेलं आहे. ज्यू लोक मात्र मशीहा म्हणजे दावीदाच्या कुळातला राजा, हाडामांसाचा माणूस, असं मानतात. ग्रंथ तोच, मग एवढा फरक कसा? मूळ हिब्रू शब्द काय सांगतो? आणि वर्तमानपत्रात ‘गरिबांचा मसीहा’ असं छापून येतं, तो शब्द हाच का?

प्रतिसाद

ताई, माझं मत आधीच सांगतो. ‘मशीहा’चं मूळ हिब्रू रूप ‘माशियाख’. हिब्रू शास्त्रात हा शब्द जिथे जिथे माणसासाठी येतो, तिथे तो माणसाच्या पदाचं नाव आहे. देवत्वाचा अर्थ या शब्दात नाही. तो शोधायचा तर दुसऱ्या वचनांत शोधावा लागतो, आणि खरा वाद त्या वचनांचाच आहे.

ज्या धातूपासून हा शब्द आला त्याचा अर्थ अगदी घरगुती आहे : माखणं, चोपडणं, लेप देणं. लेवीय 2:4 मध्ये बेखमीर पापड्यांना तेल चोपडायचं आहे, तिथे हाच धातू. यिर्मया 22:14 मध्ये एक राजा आपल्या वाड्याला शेंदरी रंग देतो, तिथेही हाच. 2 शमुवेल 1:21 मध्ये तर रणात पडलेल्या शौल राजाच्या ढालीबद्दल बोलताना ‘माशियाख’ हाच शब्द आला आहे, कारण ढालीच्या कातड्याला तेल लावून ठेवत.

माणसाला तेल लावायचं ते पदावर बसवताना. निर्गम 30 मध्ये त्या पवित्र तेलाची कृतीच दिली आहे : 500 शेकेल (वजनाचं जुनं माप) बोळ, 250 शेकेल दालचिनी, तेवढाच सुगंधी वेत, 500 शेकेल तज आणि एक हिन (द्रवाचं जुनं माप) जैतुनाचं तेल. हे तेल याजकांसाठी, म्हणजे पुरोहितांसाठी होतं, म्हणून लेवीय 4:3 मध्ये मुख्य याजकाला ‘अभिषिक्त याजक’ म्हटलं आहे. पुढे राजे आले. शमुवेल संदेष्ट्याने बेथलेहेमात दावीदाच्या डोक्यावर शिंगातलं तेल ओतलं, सादोक याजकाने गीहोन झऱ्यापाशी दावीदाच्या मुलाला, शलमोनाला, अभिषेक केला. ‘परमेश्वराचा अभिषिक्त’ म्हणजे राज्यावर असलेला राजा, हा अर्थ असा रुळला.

तो राजा चांगला असावा लागतो असंही नाही. एन-गेदीच्या गुहेत शौल दावीदाच्या तावडीत सापडतो. शौल त्याच्या जिवावर उठलेला आहे, तरी दावीद नुसता त्याच्या झग्याचा काठ कापतो आणि त्याचंही त्याला वाईट वाटतं, कारण समोरचा माणूस ‘परमेश्वराचा अभिषिक्त’ आहे. मत्सराने पोखरलेला, देवानेच टाकलेला राजा, आणि तरीही माशियाख.

त्याहून मोठा धक्का यशया 45:1 मध्ये बसतो. संपूर्ण यशयात माशियाख हे नाम एकदाच येतं, आणि ते इराणच्या कोरेश (सायरस) राजासाठी. ज्याने इ.स.पू. 539 मध्ये बाबेल (बॅबिलोन) जिंकलं आणि यहुद्यांना मायदेशी जाऊ दिलं, तो कोरेश. तो इस्राएली नव्हता, दावीदाच्या कुळातला तर नव्हताच. त्याच अध्यायात परमेश्वर त्याला म्हणतो, तू मला ओळखत नव्हतास तरी मी तुला नाव दिलं. देवाने नेमलेला आणि देव, या दोन गोष्टी हिब्रू लेखकाच्या मनात किती वेगळ्या होत्या, हे या एका वचनातून कळतं.

शंका

शब्दाचं पटलं. पण स्तोत्र 2 मध्ये याच अभिषिक्ताला परमेश्वर म्हणतो, ‘तू माझा पुत्र आहेस’. पुत्र म्हटल्यावर देवत्व आलंच ना? आणि यशया 9:6 चं काय?

प्रतिसाद

‘पुत्र’ म्हणजे काय ते 2 शमुवेल 7:14 मध्ये स्पष्ट केलं आहे. दावीदाच्या वंशजाबद्दल देव म्हणतो : मी त्याचा बाप होईन, तो माझा पुत्र होईल, त्याने दुष्कर्म केलं तर मी त्याला काठीने शिक्षा करीन. हा पुत्र चुकू शकतो आणि मार खाऊ शकतो. हे राज्यारोहणाचं नातं आहे. स्तोत्र 2 मधला ‘आज मी तुला जन्म दिला’ यातला ‘आज’ म्हणजे गादीवर बसण्याचा दिवस, असं मला वाटतं.

स्तोत्र 45 आणखी पुढे जातं. ते राजाच्या लग्नाचं गीत आहे आणि सहाव्या ओवीत राजाला ‘एलोहीम’, म्हणजे देव, अशी हाक आहे. काही जण तिथे ‘तुझं सिंहासन देवाचं आहे’ असं वाचतात, पण मला ती वाट ओढूनताणून काढलेली वाटते. हाक खरीच आहे. मात्र लगेच पुढची ओवी म्हणते, ‘देवाने, तुझ्या देवाने’ तुला हर्षाच्या तेलाने अभिषेक केला. ज्याला देव म्हटलं त्याच्याही वर देव आहे. एलोहीम हा शब्द हिब्रूत तसा ऐसपैस आहे. निर्गम 7:1 मध्ये परमेश्वर मोशेला म्हणतो, मी तुला फारोसाठी (मिसरच्या राजासाठी) एलोहीम केलं आहे. ‘नाविष्णुः पृथिवीपतिः’ (विष्णूचा अंश नसलेला राजा होत नाही) ऐकत आलेल्या आपल्या कानांना ही दरबारी भाषा परकी वाटू नये.

आता यशया 9:6. हिब्रूत चार जोडनावं आहेत : पेले योएत्स, एल गिब्बोर, अवी-अद, सार-शालोम. एल गिब्बोरचा अर्थ ‘समर्थ देव’ होतो हे मी मान्यच करतो, कारण पुढच्याच अध्यायात (10:21) तेच शब्द खुद्द परमेश्वरासाठी आले आहेत. ‘शूर नायक’ वगैरे मवाळ भाषांतरं करून प्रश्न सुटत नाही. पण हे नाव आहे, आणि हिब्रू नावं देवाविषयी विधान करतात. हिज्कीया म्हणजे ‘परमेश्वर बळ देतो’, एलीया म्हणजे ‘माझा देव परमेश्वर’. एलीया नाव असलेला माणूस परमेश्वर होत नाही. राशी नावाच्या, अकराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या ज्यू भाष्यकाराने, पहिली तीन नावं देवाची धरली आणि त्या देवाने मुलाचं नाव ‘शांतीचा अधिपती’ ठेवलं असा अन्वय लावला. त्याच्या मते मूल म्हणजे यहूदाचा राजा हिज्कीया. हा अन्वय मला पूर्ण पटत नाही, वाक्याची घडण त्याला साथ देत नाही. नावांचा मुद्दा मात्र भक्कम आहे. यिर्मया 23:6 मध्ये येणाऱ्या राजाचं नाव ‘परमेश्वर आमची नीतिमत्ता’ असं आहे, म्हणून तो देव, असं काही जण म्हणतात. तेच नाव 33:16 मध्ये यरुशलेम नगरीला दिलं आहे.

शंका

मी ख्रिस्ती आहे. तुम्ही एकेक वचन सुटं करून उत्तर दिलंत. पण सगळी मिळून पाहिली तर? परमेश्वराच्या उजव्या हाताला बसणारा (स्तोत्र 110), आकाशाच्या मेघांवरून येणारा (दानीएल 7), ज्याचा उगम प्राचीन काळापासून आहे असा (मीखा 5:2). सामान्य राजासाठी एवढं कोण लिहितं?

प्रतिसाद

दादा, या शंकेत तथ्य आहे आणि तिला टाळून चालणार नाही. मीखाचं वचन मी बाजूला ठेवतो. ‘प्राचीन दिवस’ हे मीखा 7:14 मध्ये आणि आमोस 9:11 मध्ये जुन्या वैभवाच्या काळासाठीही आले आहेत, म्हणजे दावीदाच्या बेथलेहेमातलं जुनं मूळ एवढा अर्थ पुरतो. स्तोत्र 110 मध्ये दुसऱ्या ‘प्रभू’साठी ‘अदोनी’ आहे. तो माणसाला, धन्याला वापरायचा शब्द. देवासाठीचा ‘अदोनाय’ वेगळा, पण फरक स्वरचिन्हांचा, आणि ती चिन्हं मसोरा पंडितांनी (हिब्रू शास्त्राची संहिता जपणाऱ्या ज्यू पंडितांनी) कित्येक शतकांनंतर घातली. म्हणून एवढ्यावर निकाल देणं मला धाडसाचं वाटतं.

दानीएल 7 मात्र खरोखर जड आहे. मेघांवर येणं हे जुन्या शास्त्रात देवाचं लक्षण. अध्याय स्वतःच अर्थ देताना राज्य ‘परात्पराच्या पवित्र जनांना’ मिळालं असं म्हणतो, म्हणजे मेघांवरून येणारा तो ‘मनुष्यपुत्रासारखा’ दिसणारा इस्राएलाचं प्रतीक असू शकतो. पण ज्यू वाचकही तिथे थांबले नाहीत. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास रचलेल्या ‘हनोखाचे दृष्टान्त’ या ज्यू ग्रंथात तो मनुष्यपुत्र सृष्टीच्या आधीपासून देवापाशी लपवून ठेवलेला आहे आणि त्यालाच ‘अभिषिक्त’ म्हटलं आहे. तालमुदात, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात (सान्हेद्रीन 38ब), रब्बी अकिवा दानीएलमधल्या सिंहासनांबद्दल म्हणतात, एक देवाचं आणि एक दावीदाचं. लगेच दुसरे रब्बी त्यांना फटकारतात : देवाच्या सन्निधीला तू किती दिवस असा हलकेपणा आणणार? हा ताण ख्रिस्ती लोकांनी बाहेरून आणलेला नाही, तो यहुदी घरातच होता. नव्या कराराने त्यातली एक वाट धरली आणि शेवटापर्यंत नेली. याच अकिवांनी पुढे रोमविरुद्धच्या ज्यू बंडाचा पुढारी बार कोखबा याला मशीहा मानलं, आणि तो 135 मध्ये रोमन सैन्याशी लढताना मारला गेला. बाराव्या शतकात मैमोनिदीस या ज्यू पंडिताने तेच उदाहरण देऊन लिहिलं की मशीहाने चमत्कार करावेत, मेलेले उठवावेत अशी अट नाही.

माझं म्हणणं एवढंच की हे सगळं ‘माशियाख’ या शब्दाच्या माथी मारू नये. दानीएल 7, यशया 9, यशया 53 (दुःख सोसणारा सेवक), मीखा 5, यांपैकी एकाही ठिकाणी तो शब्द नाही. आणि शेवटी येणारा एकमेव ‘तो मशीहा’ या अर्थाने हिब्रू शास्त्रात तो कुठेच ठामपणे सापडत नाही. दानीएल 9:25-26 जवळ जातं, पण अनेक अभ्यासक तिथला ‘छेदला जाणारा अभिषिक्त’ म्हणजे मारला गेलेला मुख्य याजक ओनियास मानतात.

भर

रायगडातल्या आमच्या बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी ज्यू) घरांत मलिद्याच्या विधीच्या वेळी एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, नाव घेतात. मलाखीच्या पुस्तकाच्या शेवटी परमेश्वराचा दिवस येण्याआधी एलीयाला पाठवीन असं वचन आहे, म्हणून तो सुटकेची वर्दी देणारा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला तो येऊन गेला अशी श्रद्धा आहे. त्याला आम्ही नवस बोलतो, पण देव मानत नाही. मशीहाचंही तसंच.

प्रतिसाद

ही भर फार मोलाची, आभार. आता ताईंचा शेवटचा प्रश्न. ‘मसीहा’ हा त्याच घराण्यातला शब्द, पण अरबी ‘मसीह’, मग फारसी-उर्दू असा फिरून आला. येशूने रोगी बरे केले म्हणून उर्दूत या शब्दाला ‘बरं करणारा’ हा अर्थ चिकटला, आणि हिंदीतून मराठीत येताना ‘तारणहार’ उरला. ‘ख्रिस्त’ हा ग्रीक ‘ख्रिस्तोस’, अर्थ तोच, तेल माखलेला. म्हणून लिहिताना मी असं पाळतो : शौल, दावीद, कोरेश, याजक यांच्यासाठी ‘अभिषिक्त’, पुढे येणाऱ्या राजाच्या ज्यू अपेक्षेसाठी ‘मशीहा’, येशूविषयीच्या श्रद्धेसाठी ‘ख्रिस्त’. ‘अभिषिक्त’ वाचताना मात्र पिंडीवरचा अभिषेक डोळ्यांसमोर आणू नये. तिथे अभिषेक देवाला होतो. इथे राज्याभिषेकातला अभिषेक घ्यायचा.